चिचबोडीचा जावई

शेवंता आत्रामचं नाक अख्ख्या चिचबोडीत प्रसिद्ध होतं, आणि प्रसिद्ध म्हणजे खरं तर थोडं बदनामच. कुणाच्या घरी वरण करपलं, कुणी मोहाची उतरवली आणि कुणी नुसती चाखून आला, हे तिला रस्त्याने चालता चालता कळायचं. ती समोरून आली की गावातले भले भले पुरुष तोंड फिरवून उभे राहत. देवाने कुणाला रूप दिलं, कुणाला गळा दिला. शेवंताला त्याने नाक दिलं, आणि त्या नाकाचं करायचं काय हे पंचेचाळीस वर्षं त्यालाही सुचलं नाही. मग गावाभोवती गंधखांब उभे राहिले आणि नाकाला नोकरी लागली.

खांब एकूण चौसष्ट. माणसाएवढे उंच, डोक्यावर उन्हावर चालणारी पाटी, पोटात एक बाटली आणि कमरेच्या उंचीवर बारीकसं तोंड. गावाच्या उत्तरेला जिथे शेतं संपून जंगल सुरू होतं, तिथे ते ओळीने उभे होते. बाटल्या भरायच्या आणि वास नीट येतो का ते बघायचं, हे शेवंताचं काम. तिला हे काम देणाऱ्या डॉक्टर वैदेही किन्हेकर माणसांच्या नव्हे, वासांच्या डॉक्टर होत्या.

त्यांनी पहिल्याच दिवशी तिला सगळं उलगडून सांगितलं होतं. वाघ चालता चालता झाडावर मागून फवारा मारतो. ती त्याची सही, सातबारा आणि वर्तमानपत्र, तिन्ही एकाच जागी. मी कोण, ही जमीन कुणाची, मी इथून कधी गेलो, हे सगळं त्यात लिहिलेलं. आणि गंमत अशी, की चिन्नोर भाताला जो सुगंध येतो तो ज्या रेणूमुळे, नेमका तोच रेणू वाघाच्या फवाऱ्यातही असतो. वास उडून जाऊ नये म्हणून वाघ त्यात चरबी मिसळतो. त्या चरबीचं प्रमाण दर वाघाचं वेगळं, म्हणून दर वाघाची सही वेगळी. डॉक्टरांनी प्रयोगशाळेत अशीच एक सही बनवली होती. तो वाघ कधी जन्मलाच नव्हता. खांबातलं यंत्र फवारे सोडून त्याला चालवायचं. आज नवव्या खांबापाशी, परवा तिसाव्या, पाऊस येऊन गेला की पुन्हा पहिल्यापासून. बाकीचे वाघ वास घ्यायचे आणि समजायचे, इथे कुणी दांडगा गडी राहतो, आपण इकडे फिरकायला नको.

कागदावर त्या वाघाला एक आकडा होता. गावाने त्याचं नाव ठेवलं जावई. येत नाही, दिसत नाही, पण सगळी धावपळ त्याच्यासाठी. चिचबोडीत तसाही वाघाला वाघ म्हणत नाहीत. नाव घेतलं की येतो, अशी जुनी समजूत.

हा जावई सगळ्यात जास्त कुणाला पावला असेल, तर शेवंताच्या नवऱ्याला. एकोणीस वर्षांपूर्वी पहाटे मोहफुलं वेचायला वाकलेल्या सोमाजीवर झडप पडली होती. जीव वाचला, डावा हात गेला. तेव्हापासून तो आडवा होऊन झोपला नव्हता. भिंतीला पाठ लावायचा, मांडीवर कुऱ्हाड ठेवायचा आणि तसाच पेंगायचा. खांब लागून महिना झाला आणि एक दिवस जेवण झाल्यावर सोमाजी चक्क चटईवर आडवा झाला आणि घोरू लागला. शेवंता भांडी घासता घासता थांबली. नवऱ्याचं घोरणं ऐकून रडू येणारी बाई जगात बहुधा ती एकटीच असेल.

एवढं सगळं सुरळीत होतं. मग शेवंताने एक उद्योग केला.

पहिल्याच वर्षी श्रावणात नाल्याला पूर आला आणि नागपूरहून येणाऱ्या बाटल्या आठवडाभर पलीकडच्या काठावर अडकल्या. नऊ खांब कोरडे पडले. वास पाच दिवस मिळाला नाही की वाघ समजतात, मालक मेला. शेवंताने सोमाजीकडे बघितलं. तो नुकता कुठे झोपायला शिकला होता. तिने चुलीवर चिन्नोर तांदूळ चढवला, पेज आटवली, फडक्यातून गाळली, त्यात शेळीची थोडी चरबी विरघळवली आणि नाकाशी धरून बघितली. तंतोतंत. उलट तिला वाटलं, बाटलीतला वास कोरा होता, आता त्यात कुणीतरी आहे. तिने नऊही बाटल्या भरल्या. बाहेरचा कुणी वाघ शेताकडे फिरकला नाही. मग नवीन बाटल्या आल्या तरी ती प्रत्येकीत दोन पळ्या आपलं घालत राहिली. स्वयंपाकात हात बसलेल्या बाईला पाककृती जशीच्या तशी करायला सांगणं म्हणजे व्यर्थच. मॅडमना काय सांगायचं, त्यांचं यंत्र बरं चाललंय ना, एवढाच तिचा विचार.

त्या जंगलात तेव्हा एकच वाघीण उरली होती. गाव तिला थोरली म्हणे. दोन नर होते. एक रानडुकरांसाठी कुणी सोडलेल्या विजेच्या तारेवर गेला, दुसरा आठपदरी रस्त्यावर ट्रकखाली. रस्त्याच्या पलीकडे दुसरं जंगल होतं आणि तिथे एक तरणाबांड नर एकटाच फिरत होता. दोघांची गाठ पडावी म्हणून सरकारने रस्त्यावरून रुंद पूल बांधला, त्यावर माती टाकली, झाडं लावली. अकरा वर्षांत त्यावरून रानडुकरं गेली, नीलगायी गेल्या, एक अस्वल आपल्या पिलांना घेऊन गेलं. वाघ एकही गेला नाही.

थोरली पुलाकडे जाईच ना. दर हिवाळ्यात ती खांबांच्या आसपास घुटमळायची, सत्ताविसाव्या खांबाला गाल घासायची आणि खालच्या आवाजात हाका मारायची. डॉक्टर कॅमेऱ्यातली चित्रं बघून चक्रावून जात. या खांबांना घाबरून तिने दूर जायला हवं होतं. ती तर वाट बघत होती.

शेवंताला कोडं सुटलं ते तिसऱ्या वर्षी, नव्या भातामुळे.

चिचबोडीत नवा तांदूळ घरात कुणी आधी शिजवत नाही. मार्गशीर्षात एक दिवस ठरतो. शिवेवर साजाच्या झाडाखाली वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे, तिथे अख्खं गाव एकाच मोठ्या गंजात भात रांधतं. पहिला घास दगडाला, मग माणसांना. त्या सकाळी गंजाचं झाकण उघडलं आणि चिन्नोरचा वास धुक्यात असा भरून राहिला की बोलणारी माणसं बोलायची थांबली. तेवढ्यात कुत्री गप झाली.

शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, थोरली बसली होती. साठ पावलांवर.

कुणी ओरडलं नाही. गावाची जुनी शिस्त आहे, पाठ दाखवायची नाही, पळायचं नाही. माणसं पाऊल पाऊल मागे सरत गेली आणि गंज तिथेच राहिला. थोरली उठली, सावकाश चालत आली. गुरगुरणं नाही, दात दाखवणं नाही. नाकातून नुसतं फुर्र फुर्र, मांजर घरच्या माणसाशी बोलते तसं. तिने गंज हुंगला, त्याच्या काठाला हलकेच गाल लावला आणि दगडाशेजारी अंग टाकून दिलं. ऊन वर येईपर्यंत ती तिथे पडून होती. मग उठून जंगलात निघून गेली.

चौथ्या दिवशी वरून हुकूम आला. वाघीण माणसाला घाबरेनाशी झाली आहे, आठ दिवसांत तिला बेशुद्ध करून पकडावं आणि जन्मभरासाठी पिंजऱ्यात ठेवावं. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. इतके दिवस दगडापाशीच पडलेला गंज त्या दिवशी आणून शेवंता विहिरीवर घासायला बसली होती. काठावर तिला तीन केस चिकटलेले दिसले, आखूड, पांढरे. तिने ते नाकाशी नेले, आणि तिच्या हातातली राख तशीच राहिली. त्या केसांना नुसत्या भाताचा नव्हे, शेळीच्या चरबीसकट सत्ताविसाव्या खांबाचा वास येत होता. म्हणजे तिच्या स्वतःच्या चुलीचा.

ती घरी आली आणि सोमाजीसमोर बसली. "थोरली मॅडमच्या जावयाच्या मागं नाही लागली," ती म्हणाली. "माझ्या लागली. मी पेज घालत होते बाटलीत."

सोमाजीला समजायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "कोणाले सांगितलं?"

"तुम्हालेच."

"मग गप राय, शेवंते. आठ दिवसानं नेतीन तिले. तुही नोकरी राहीन, खांब राहतीन." त्याने चटईकडे बोट केलं. "मी झोपून रायलो तीन वर्सं. तुले दिसत नाही का?"

"दिसते ना," शेवंता म्हणाली. "म्हणून तं केलं होतं."

सोमाजी भिंतीला पाठ लावून बसला. शेवंताला त्याचा राग आला नाही. वाईट मात्र फार वाटलं, कारण तो खोटं काहीच बोलला नव्हता. पण डोळे मिटले की तिला गंजाला गाल लावणारी थोरली दिसायची. एका बाईने दुसऱ्या बाईला नसलेला नवरा दाखवायचा आणि वर तिलाच कोंडायचं, हे तिच्या मनाला पटेना. सकाळी ती डॉक्टरांच्या तंबूत गेली आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं.

वैदेही किन्हेकर आधी हसल्या. मग त्यांनी डोक्याला हात लावला.

"माझी सही कोरी होती, शेवंताबाई," त्या म्हणाल्या. "तिच्यामागे माणूस, म्हणजे वाघ, कुणीच नव्हतं. तुमच्या चरबीने आणि पेजेने तिला चेहरा आला. तिच्या दृष्टीने तो खरा आहे. तो आहे तोवर ती इथून हलणार नाही, आणि पलीकडचा इकडे कशाला येईल? हे जंगल तिच्याबरोबर संपेल."

"मग त्याले मारून टाका. बाटल्या बंद करा."

"मेला तर ती शोधत थेट तुमच्या चुलीपाशी येईल. तो मरून चालणार नाही. त्याला जावं लागेल. पुलापलीकडे." त्यांनी पडद्यावर नकाशा उघडला. "खांब इथे संपतात. पुढे दोन कोसांवर पूल. तिथवर त्याला कुणीतरी चालवत न्यायला हवं."

कोण नेणार हे विचारायची गरज पडली नाही. जावई जिने शिजवला, तीच.

गावाच्या बैठकीत आरडाओरडा झाला नाही, पण होकारही सहज आला नाही. जावई गेला तर गाव उघडं पडेल, मोहाच्या दिवसांत काय करायचं, म्हाताऱ्यांनी विचारलं. शेवंता म्हणाली, "दहा दहा जणी मिळून जाऊ. आपल्या आज्या जात होत्या तसं." सोमाजी कोपऱ्यात बसला होता. शेवटी पाटलीणबाई म्हणाल्या, "लेकीले वाटे लावायचं हाय, तं रडू नका." तेव्हा ठरलं.

गावाकडचे खांब बंद झाले. पहिल्या सकाळी ऊन पडल्यावर शेवंता पाठीवर फवारणीचा पंप घेऊन निघाली. पंपात पेज. उजवीकडे लांबवर वनरक्षकांची गाडी. डॉक्टर कानातल्या यंत्रातून अंतर सांगत होत्या, कारण थोरलीच्या गळ्यातला रेडिओ-पट्टा तिची जागा त्यांना कळवत होता. पाचशे पावलं मागे. चारशे. थांबली. पुन्हा निघाली. शेवंता दर साजाला, दर तेंदूला कमरेच्या उंचीवर फवारत होती, आणि धुक्यात तिच्या मागेपुढे नुसता भाताचा वास. आपण चालतोय की कुणी आपल्याला चालवतंय, हे तिला कळेना. आपल्याच पंगतीत वाढायला निघाल्यासारखी ती त्या जंगलात चालत होती. मागे वळून बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. भीती तिला वाटत होती, पण ती भीती आणि मागून येणारी थोरलीची हाक दोन्ही एकाच लयीत चालत होत्या आणि तिने त्यांना चालू दिलं.

दोन सकाळींत थोरली पुलाच्या तोंडाशी आली आणि तिथे अडली. पुलाखालून रबराचा, तापल्या डांबराचा वास उसळत होता आणि पेजेचा वास त्यात बुडत होता. ती दोन वेळा मागे फिरली. हुकुमाला दोनच दिवस उरले होते. पिंजऱ्याची गाडी तालुक्याला येऊन उभी होती.

"फवारा पुरणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नव्या भाताच्या दिवशी होता तेवढा वास हवा."

तिसऱ्या सकाळी शेवंता अंगणात आली तर सोमाजी डोक्यावर गावाचा मोठा गंज घेऊन उभा होता. उजव्या हाताने तोल सांभाळलेला. कमरेला नव्या चिन्नोरची पिशवी.

"तुम्ही कुठे?" शेवंताने विचारलं.

"तू एकटी उतरवशीन का हा गंज?" तो म्हणाला. "चाल. ऊन व्हते."

आणि दोघं नवराबायको आठपदरी रस्त्याच्या वर, अकरा वर्षांच्या झाडांमध्ये, तीन दगडांची चूल मांडून भात रांधायला बसले. खालून हजारो गाड्या जात होत्या, आणि त्यांतल्या कुणालाही माहीत नव्हतं की डोक्यावर लग्नाचा स्वयंपाक चाललाय. सोमाजी एका हाताने काटक्या सारत होता. त्याच्या कपाळावर थंडीत घाम होता. उकळी आली, शेवंताने चरबी सोडली, वास उठून मागे थोरलीपर्यंत पसरला. पश्चिमेच्या वाऱ्याने तो उचलला आणि पलीकडच्या जंगलात नेला.

"दीडशे पावलं," कानात डॉक्टर म्हणाल्या. "आता उठा."

दोघं विस्तव विझवून कडेच्या भिंतीमागच्या, वनरक्षकांसाठी बांधलेल्या लोखंडी जाळीच्या खोलीत शिरले. थोरली आली. पुलावर पहिलं पाऊल ठेवताना तिने पंजा उचलून हवेतच धरला, मग टेकवला. गंजापाशी येऊन तिने फुर्र फुर्र केलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग खाली बसली आणि वाट बघू लागली.

शेवंताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "फसवलं मी तिले," ती पुटपुटली. "इथवर आणलं अन् इथं कोणीच नाही."

"थांब," सोमाजी म्हणाला.

पलीकडच्या टोकाला बांबू हलला. कुणीतरी आपल्या धुऱ्यावर खुंटी ठोकली तर मवाळ माणूसही बघायला जातो, हा तर वाघ होता. तो तरणा नर आपल्या हद्दीत शिरलेल्या परक्याला हाकलायला आला होता, मान खाली घालून, कान पाडून. त्याने गंज बघितला. त्याने परका शोधला. परका कुठेच नव्हता. गंजाशेजारी थोरली बसली होती.

ती उठली. तो थांबला. खालच्या गाड्यांचा आवाजसुद्धा शेवंताला ऐकू येईना. मग थोरलीने मान पुढे केली आणि फुर्र केलं, आणि क्षणभराने तसंच, जरा जाडसर, उत्तर आलं.

सोमाजी जाळीला कपाळ टेकवून बघत होता. हात गेला त्या पहाटेनंतर त्याने पहिल्यांदाच त्या तोंडाकडे पाहिलं होतं. तो बघणं सोडत नव्हता. "केवढा देखणा हाय," तो म्हणाला. दोघंही वाघ पलीकडच्या बांबूत दिसेनासे झाले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण बायकोचा दंड दुखेपर्यंत धरून ठेवलाय.

थोरली पलीकडे गेली आणि पिंजऱ्याची गाडी रिकामीच परतली. शेवंताची नोकरी गेली नाही. यंत्र बंद झालं, पण खांबांवर फिरून खरे वास टिपायला नाक हवंच होतं. मोहाच्या दिवसांत बायका दहा दहा जणी मिळून गेल्या. सोमाजी पुन्हा भिंतीला पाठ लावून झोपू लागला.

पुढच्या मार्गशीर्षात एक दिवस तो दुपारची शिदोरी घेऊन तिच्या मागे सत्ताविसाव्या खांबापाशी आला. शेवंता खांबाशी वाकलेली होती आणि बराच वेळ सरळ झाली नाही.

"काय म्हणते?" त्याने विचारलं.

"ओला हाय. आज सकाळचा." तिने पुन्हा वास घेतला. भाताचा सुगंध होता, पण त्याखाली काहीतरी उग्र, दांडगं. "हा आपल्या चुलीचा नाही. हा तोच, पुलावरचा. आणि ते बघा, तीही हाय. आणि..." ती खाली चिखलाकडे बघत राहिली. मोठ्या पंजाशेजारी वाटीएवढे पंजे होते. दोन पिलांचे.

सोमाजी चिखलाशेजारी उकिडवा बसला. एवढ्या जवळ, एवढे ताजे. शेवंता त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"यंदा नवा भात घरातच शिजवू," तो शेवटी म्हणाला. "दारं लावून. दगडाले निवद थंडा झाल्यावर नेऊ."

"काहून? भेव वाटते?"

"वाटते ना. पण त्यासाठी नाही." तो त्या छोट्या पंजांवरून बोट फिरवत होता. "आता कुठं संसार लागला तिचा. आपल्या भाताचा वास आला, तं तिले पयला आठवन. उगाच बिब्बा कायले घालायचा."

शेवंता हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. त्यांनी धुऱ्यावर बसून भाकरी खाल्ली. ऊन कोवळं होतं. थोड्या वेळाने सोमाजी गवतावर कलला, उजवा हात उशाला घेतला आणि तिथेच, जंगलाच्या तोंडाशी, कुऱ्हाडीशिवाय घोरू लागला. शेवंताने त्याला उठवलं नाही. ती वाऱ्याकडे नाक करून शेजारी बसून राहिली.